देवळाच्या नळावर आलेला माणूस

पत्र:

ताई, नमस्कार. मी डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहतो, नाव छापू नका. दिवाळीच्या दोन आठवडे आधी आमच्या देवळातली फंडपेटी कोणीतरी फोडली. पोलिसांत तक्रार दिली, पुढे काही झालं नाही. वाड्यावरची मुलं दिवाळीत जाळायचा नरकासुराचा पुतळा बांधायला रात्री जागतात. एका रात्री साडेअकराला त्यांनी देवळामागे एक अनोळखी माणूस पकडला, सुंभाने माडाला बांधला आणि मारला. माझा मुलगा १६ वर्षांचा, अकरावीत आहे. त्यानेही नरकासुराच्या सांगाड्यातला बांबू घेऊन मारलं, नंतर मोबाईलवर व्हिडिओ काढला. मी तिथे होतो. मी कोणाला थांबवलं नाही. खरं सांगतो, एक थोबाडीत मीही दिली. पोलीस आले तेव्हा कळलं, तो जवळच्या बांधकामावर सेंट्रिंगचं काम करणारा, कर्नाटकातला. साइटवर पाणी नव्हतं म्हणून देवळाच्या नळावर आला होता. त्याच्याकडे रिकामा कॅन होता. 'नीरु, नीरु' म्हणत होता, मुलांना वाटलं साथीदाराला हाक मारतोय. त्याचा हात मोडला.

मुलाला मी रागावलो तर तो म्हणतो, 'बाबा, चुकीचा माणूस सापडला म्हणून पद्धत चुकीची ठरत नाही. बॅटमॅन जोकरला मारत नाही, म्हणून तो सुटतो आणि पुन्हा माणसं मारतो. ती सगळी माणसं बॅटमॅनच्या खात्यावर. पनिशर करतो तेच बरोबर.' हे सगळे कॉमिकमधले. पनिशर म्हणजे गुन्हेगारांना स्वतःच ठार मारणारा, आणि मुलाच्या हेल्मेटवर त्या पनिशरच्या कवटीचं स्टिकर आहे. मला उत्तर सुचलं नाही. आणि सुचलं तरी कुठल्या तोंडाने सांगू?

एक बाप

उत्तर:

भाऊ,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा त्या कॅनपाशी थांबले. तुम्ही तो मारताना पाहिला होता की नंतर, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं, तुमची झोप उडाली आहे ती त्यामुळेच. फंडपेटी फोडायला निघालेला माणूस पहार घेतो, नाहीतर पाना घेतो. पाण्याचा कॅन घेऊन कोणी देऊळ फोडायला जात नाही. तो कॅन त्या रात्री कितीतरी पायांत आला असेल, आणि एकालाही तो दिसला नाही.

'कुठल्या तोंडाने' याचं उत्तर आधी देते. ज्या हाताने हे पत्र लिहिलंत, त्याच हाताने मुलाला जवळ बसवा आणि तुमच्या थोबाडीतीपासून सुरुवात करा. मी मारलं, त्या क्षणी मला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं आता मला खातंय, हे त्याला सांगा. बरं वाटलं होतं, हे वगळू नका. त्यालाही वाटलं असणार. घरात हे कोणी बोललं नाही तर त्या पोराला एकतर वाटेल की आपल्या एकट्यातच काहीतरी राक्षसी आहे, नाहीतर वाटेल की बरं वाटलं म्हणजे ते बरोबरच होतं. ही दुसरी समजूत जास्त घातक.

आणि 'कॉमिक वाचून बिघडला' असं म्हणून त्याचा प्रश्न झटकू नका. दुसऱ्याचा जीव घ्यायचा हक्क कोणाला, या प्रश्नावर मोठमोठी माणसं अडली आहेत. त्याला तो मुखवट्यातल्या माणसाच्या रूपात पडला, एवढंच.

मी तुमच्या मुलासाठी थोडी चौकशी केली. बॅटमॅन सुरुवातीला मारायचा. १९३९ साली तो पहिल्यांदा छापला गेला, तेव्हाच्या गोष्टींत त्याच्या हातून माणसं मरतात आणि त्याला त्याचं विशेष काही वाटत नाही. १९४० मध्ये त्याच्या नावाचा स्वतंत्र अंक निघाला, त्यातल्या एका गोष्टीत तो विमानातून मशीनगन चालवतो. ते पाहून संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी बजावलं, यापुढे बंदूक नको आणि हत्या नको. जोकर आला तो त्याच अंकात, आणि खरं तर त्याच अंकात तो मरायचा होता. एवढा चांगला खलनायक एका झटक्यात संपवायचा नाही, असं ठरलं आणि तो जिवंत असल्याचं दाखवणारी एक चौकट शेवटी वाढवली गेली. तेव्हापासून जोकर सुटतोच आहे, कारण पुढचा अंक काढायचा असतो.

मुलगा म्हणेल, हे बाहेरचं झालं, गोष्टीच्या आतलं बोला. बोलू या. बॅटमॅन जोकरला किती वेळा बांधून पोलिसांच्या हवाली करतो? बहुतेक दर वेळी. मग त्या शहरात पोलीस आयुक्त आहे, न्यायाधीश आहेत, कुलपं आहेत, कर भरणारी लाखो माणसं आहेत. ह्यांपैकी कोणाच्याही हातून जोकर निसटतो, आणि मेलेल्यांचा हिशेब मात्र त्या एकाच माणसाच्या नावावर, ज्याने आपलं काम चोख केलं होतं. मुलाला विचारा, हा कुठला हिशेब? तुटकं कुलूप बदला, असं तो का म्हणत नाही? कारण कुलूप बदलणं कंटाळवाणं आहे. त्यात मुखवटा नाही, रात्र नाही.

तुमच्या गावातही तेच झालेलं दिसतं. तक्रार दिली, पुढे काही झालं नाही, असं तुम्ही एका ओळीत लिहिलंत. देवस्थानच्या समितीने एफआयआरची प्रत घेतली होती का? ती तक्रारदाराला मोफत मिळते. पोलिसांनी गुन्हा नोंदवला नसेल तर अधीक्षकांना लेखी कळवता येतं. दोन आठवड्यांत कोणी ठाण्यावर एकदा तरी जाऊन विचारलं का? रात्री माडाभोवती गोळा व्हायला माणसं होती, दिवसा ठाण्याच्या बाकावर अर्धा तास बसायला कोणी निघालेला दिसत नाही. मी हे कडवटपणे म्हणत नाही. पोलिसांकडे हेलपाटे घालताना माणूस किती थकतो, ते मी जवळून पाहिलं आहे. पण बॅटमॅनच्या खात्यावर प्रेतं लिहायची असतील तर न घातलेले हेलपाटेही कुठेतरी लिहावे लागतील.

आता त्याचं ते दुसरं वाक्य. चुकीचा माणूस सापडला म्हणून पद्धत चुकीची ठरत नाही. हे वाक्य हुशार पोराचं आहे, आणि ते मला त्याच्या बांबूपेक्षा जास्त लागलं.

मी २९ वर्षं न्यायालयात लघुलेखिका होते. साक्षीदार बोलणार, मी उतरवून घेणार. एका खटल्यात फिर्यादी सत्तरीच्या पुढची बाई होती. घरात शिरून कोणीतरी तिच्या गळ्यातली माळ ओढून नेली होती. अत्यंत सरळ, देवभोळी बाई, खोटं बोलायचं तिला कारणच नव्हतं. सरकारी वकिलांनी विचारलं, तो माणूस इथे आहे का? आहे म्हणाली. दाखवा म्हटल्यावर तिने हात उचलला. मनगटातल्या दोन काचेच्या बांगड्या खळकन कोपराकडे घसरल्या, तो आवाज माझ्या अजून कानात आहे. बोट जराही थरथरत नव्हतं. आणि ते बोट आरोपीकडे नव्हतं. दाराशी फायलींचा गठ्ठा घेऊन उभा असलेल्या आमच्या शिपायाकडे होतं.

तो शिपाई पांढराफटक पडला. रोज सकाळी माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवणारा माणूस. खोलीत सगळे स्तब्ध. न्यायाधीशांनी बाईला पुन्हा शांतपणे विचारलं, ती पुन्हा तेच म्हणाली. तिला खात्री होती. त्या दिवसापासून 'खात्री' हा शब्द कानावर आला की मला त्या बांगड्या ऐकू येतात.

पुढे काय झालं, तर काहीच झालं नाही. उलटतपासणी झाली, नोंद झाली, शिपाई संध्याकाळी आपल्या घरी गेला. कारण ती खोली होती, माड नव्हता. तिथे कोणीतरी दुसऱ्या बाजूने विचारणारा होता, आणि बाईचं बोट आणि शिपायाची पाठ यांच्या मधे बराच वेळ होता. आपण ज्याला कोर्टाची दिरंगाई म्हणून शिव्या देतो, तिच्यात निष्काळजीपणा पुष्कळ असतो, मी तो वर्षानुवर्षं पाहिला. पण त्याच वेळात कधीकधी कोणालातरी कॅन दिसतो. 'नीरु' म्हणजे काय, असं कोणीतरी विचारतं. कन्नडमध्ये नीरु म्हणजे पाणी. आपल्या मराठीतही नीर म्हणजे पाणीच की. दूध आणि पाणी वेगळं करणाऱ्या हंसाचं उदाहरण देऊन आपण शाळेत नीरक्षीरविवेकावर निबंध लिहिले, आणि एक तहानलेला माणूस तोच शब्द ओरडत होता तेव्हा तो आपल्याला चोरांचा इशारा वाटला.

तर मुलाला सांगा, माणूस चुकीचा सापडला तो पद्धतीमुळेच सापडला. त्या पद्धतीत विचारायची जागाच नाही. पुढच्या वेळी योग्य माणूस सापडला तर तो नशिबाने सापडेल.

कॉमिकमध्ये हे कळत नाही. तिथे गुन्हा आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो, लेखकानेच तो चौकटीत काढून दाखवलेला असतो. पनिशर गोळी घालतो तेव्हा समोरचा दोषी आहे की नाही, हा प्रश्नच उरत नाही. आपला नरकासुरही तसाच. बांबूचा सांगाडा, त्यावर गवत, त्यावर कागदाचे थर, मग रंग, मग ते दात. मुलांनी रात्र रात्र जागून तो स्वतः बांधलेला असतो, त्याच्या पोटात काय आहे हे त्यांना पुरतं ठाऊक असतं. पहाटे तो पेटवताना कोणाच्या मनात शंका यायचं कारण नाही. त्या रात्री त्याच सांगाड्यातला बांबू त्याच हातांनी एका माणसावर चालवला, आणि ह्याच्याही पोटात गवतच आहे असं धरून चालले.

'घाटी' असं कोणी ओरडलं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी सगळा जन्म गोव्यात काढला आहे, त्यामुळे मला ते ऐकू आलं. तुम्ही आम्ही घरात मराठी बोलतो, बाहेर कोंकणी बोलतो, आणि दोन्ही भाषांत तो शब्द आपल्याला येतो. जवळच्या वाड्यावरचा एखादा ओळखीचा मुलगा त्या वेळी देवळामागे दिसला असता तर त्याला आधी नाव विचारलं असतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती. ते पाचही जण भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. त्यांची भाषा मराठीच होती. तरी ते परके ठरले. मारणाऱ्यांपैकी प्रत्येकाला त्या दिवशी आपण लेकरांना वाचवतोय असंच वाटत असणार.

तुमच्या मुलाला सांगायची आणखी एक गोष्ट, मोबाईलची. १९८८ मध्ये बॅटमॅनच्या प्रकाशकांनी एक प्रयोग केला. बॅटमॅनचा साथीदार रॉबिन, म्हणजे त्या वेळचा जेसन टॉड नावाचा मुलगा, जोकरच्या हाती सापडतो आणि अंक तिथेच थांबतो. शेवटी दोन फोन नंबर छापले होते. तो जगावा असं वाटत असेल तर एक, मरावा असं वाटत असेल तर दुसरा. फोनला पैसे पडत होते. मरण्याच्या बाजूने ५,३४३ फोन आले, जगण्याच्या बाजूने ५,२७१. ७२ फोनांच्या फरकाने पोरगा मेला. कागदावरचाच होता, कबूल. पण त्या पाच हजारांत एकालाही आपण मारलं असं वाटलं नसेल. आपण फक्त एक फोन केला. माडाभोवती तेच झालं. प्रत्येकाने एकच फटका दिला, एकच थोबाडीत दिली, एकाने फक्त व्हिडिओ काढला. हात मात्र मोडला.

हे सगळं बोलून झाल्यावर मुलगा अवघड प्रश्न विचारेल, आणि त्याने विचारावा. खात्री असेल तर? खरोखरच दोषी असेल तर?

इथे मी स्वतः अडखळते. १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या न्यायालयातच कस्तुरबा नगरच्या बायकांनी अक्कू यादव या गुंडाला ठार मारलं. त्या वस्तीने कित्येक वर्षं त्याचे बलात्कार, खून, खंडणी सोसली होती. तक्रार करायला गेलेल्या बायकांना पोलिसांनीच हाकलल्याचं त्या सांगत होत्या. त्यांना माणूस ओळखायची गरज नव्हती. आरोपी ठरलेले सगळे २०१४ मध्ये पुराव्याअभावी सुटले. मी त्या वेळी नोकरीत होते, कायद्याच्या बाजूने रोज बसत होते, आणि तरी त्या बायकांवर मला राग धरता आला नाही, आजही येत नाही. पण त्यांच्याकडून 'असंच करावं' हा धडाही मी घेऊ शकत नाही. त्यांच्या हातात चाकू आला तो त्याआधी कितीतरी दारं त्यांच्या तोंडावर बंद झाल्यावर. तुमच्या वाड्यावर किती दारं ठोठावली होती?

आणि चाकू एकदा बरोबर माणसाला लागला की सगळ्यांनाच तो हवासा वाटतो. २०१९ च्या डिसेंबरात हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या चार संशयितांना पोलिसांनी चकमकीत मारलं, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. मीही टीव्हीसमोर 'बरं झालं' म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती सिरपूरकर यांचा आयोग नेमला. २०२२ मध्ये अहवाल आला, की गोळीबार मारण्याच्या हेतूनेच केला होता, आणि त्या चारांपैकी तिघं घटनेच्या वेळी अल्पवयीन होते. ते दोषी होते की नव्हते, हे आता कोणतंच न्यायालय सांगू शकणार नाही. त्या मुलीच्या आईबापांनाही ते कधी कळणार नाही.

मग सुपरहिरोने कधीच मारू नये का? माझं मत स्पष्ट आहे. समोर कोणाचा जीव जातोय आणि दुसरा मार्गच नाही, तर मारावं लागेल, आणि त्याला मी दोष देणार नाही. आपला कायदाही देत नाही. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काचीच आहेत, आणि त्यात दुसऱ्याच्या जिवाचं रक्षणही येतं. पण तो हक्क धोका असेतोवरच. धोका संपला की हक्क संपला.

तुमच्या मुलाच्या जगातलं उदाहरण घ्या. सुपरमॅनने झॉड नावाच्या खलनायकाला एकाहून जास्त वेळा मारलं आहे. त्यातल्या दोन वेळा बघा. २०१३ च्या चित्रपटात झॉड एका कुटुंबाला डोळ्यांतल्या किरणांनी जाळायला निघालेला असतो, तो थांबत नाही, तेव्हा सुपरमॅन त्याची मान मोडतो आणि तिथेच गुडघ्यांवर कोसळून ओरडतो. १९८८ च्या कॉमिकमध्ये मात्र झॉड आणि त्याचे दोन साथीदार शक्ती गमावून बसलेले असतात. कैदीच म्हणा. त्यांचे गुन्हे भयंकर असतात, आणि सुपरमॅन स्वतःच न्यायाधीश होऊन त्यांना मृत्युदंड देतो. त्यानंतर त्याचं मन इतकं बिघडतं की आपण पृथ्वीवर राहायला धोकादायक आहोत असं वाटून तो निघून जातो. खलनायक एकच, मेला दोन्हीकडे. दोन्हींतला फरक तुमच्या मुलाला माझ्यापेक्षा चांगला सांगता येईल. माडाला सुंभाने आवळलेला माणूस या दोन्हींपैकी कुठला, तेही त्यालाच ठरवू द्या.

आपल्याकडे ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधी सांगून झाली आहे. अश्वत्थाम्याने द्रौपदीची पाच मुलं झोपेत कापली. भागवतात अर्जुन त्याला दोरीने बांधून तिच्यापुढे आणून टाकतो. गुन्ह्याबद्दल तिळमात्र शंका नाही. भीम म्हणतो, मारा. आणि जिची पाचही मुलं गेली ती बाई म्हणते, सोडा याला, माझ्यासारखी याची आई रडायला नको. त्याला मोकळं सोडत नाहीत, त्याच्या माथ्यावरचा मणी काढून त्याला हाकलतात. माझी आजी हे सांगताना त्या आईचं नाव घ्यायची, कृपी. गोष्टीत ती कुठेच समोर येत नाही, पण द्रौपदीला ती दिसली. सेंट्रिंगवाल्याला आई असेल तर ती कर्नाटकातल्या कुठल्यातरी गावात आहे, आणि मुलाचा हात कसा मोडला हे तिला फोनवर सांगितलं गेलं असेल.

त्या कवटीच्या स्टिकरवरून भांडू नका. ओरडून काढायला लावलंत तर ते हेल्मेटवरून जाईल, पण डोक्यात राहील. त्याला दोन गोष्टी सांगा. पनिशर १९७४ मध्ये स्पायडरमॅनच्या एका अंकात आला, नायक म्हणून नव्हे, स्पायडरमॅनला मारायला आलेला भाडोत्री बंदूकधारी म्हणून. त्याची गोष्ट रचणारे जेरी कॉन्वे यांनी पुढे अनेकदा उघडपणे सांगितलं, की पोलिसांनी आणि सैनिकांनी ही कवटी मिरवणं त्यांना मान्य नाही. २०१९ च्या एका अंकात तर दोन पोलीस पनिशरला भेटतात, आम्ही तुझे चाहते म्हणतात, त्यांच्या गाडीवर कवटीचं स्टिकर असतं. पनिशर ते फाडतो आणि सांगतो, आदर्श हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाकडे बघा. ज्याची खूण तुमचा मुलगा डोक्यावर घेऊन फिरतो, त्यालाच ती दुसऱ्याच्या अंगावर पाहवत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या लहानपणाची. आम्हीही कवटीवर जीव टाकला होता. इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ यायचा, इंग्रजीतला फँटम. त्याच्या अंगठीवर कवटी होती. ठोसा मारला की गुंडाच्या जबड्यावर तिचा ठसा उमटायचा आणि जन्मभर पुसायचा नाही. कमरेला दोन पिस्तुलं असत, पण ती समोरच्याच्या हातातलं हत्यार उडवायला. ठसा घेऊन गुंड जगायचा. वेताळ हे नाव मराठीत त्याला कोणी दिलं असेल ते असो, आम्हा गोव्याच्या पोरांना ते लगेच पटलं, कारण आमच्या गावात वेताळ होताच. देवळात त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात. रात्रभर गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात, असं आजी सांगायची. राखणदाराच्या तिच्या सगळ्या गोष्टींत कोणीतरी वाट चुकलेलं असायचं. बाजारातून उशिरा परतणारी बाई, गुरं शोधायला गेलेला मुलगा, परगावचा वाटसरू. काठीचा आवाज यायचा, पुढे उजेड दिसायचा, आणि तो माणूस घरी पोचायचा. राखणदार रात्री अनोळखी माणसाचं काय करतो, याची ही आपल्या गावातली रीत. तुमच्या वाड्यावरच्या मुलांनी राखणच करायची ठरवली होती ना? त्यांना ही गोष्ट कोणी सांगितली नाही, तो दोष आपल्या पिढीचा आहे.

आता करायचं काय ते.

व्हिडिओ कोणाला पाठवायचा नाही आणि पुसायचाही नाही. तो पुरावा आहे. मुलाने आधीच कोणाला पाठवला असेल तर पुढे जाऊ नये म्हणून आजच सांगा. एखाद्या वकिलाशी बोला आणि दोघांनी पोलिसांना खरं ते सांगा, तुमची थोबाडीत धरून. मुलाचं वय पाहता त्याचा विषय बाल न्याय मंडळापुढे जाईल. तुम्हाला भीती वाटणार, वाटू दे. सगळ्या वाड्याने 'आम्ही तिथे नव्हतोच' असं ठरवलं असेल, तर तुमचा मुलगा आयुष्यभर शिकेल ती गोष्ट तीच असेल. त्या कामगारालाही मोफत वकील मिळू शकतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. ही माहिती त्याला तुम्हीच द्या, तुमच्या विरोधात जाणार असली तरी.

वाड्यावरच्या मुलांना एक कायदा नीट समजावा. डोळ्यांसमोर गंभीर, म्हणजे दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला साध्या नागरिकालाही धरता येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० तेच सांगतं. धरल्यावर उशीर न करता, फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. बॅटमॅन करतो ते एवढंच. मारायची परवानगी त्यात कुठेही नाही, आणि नळावर आलेल्या माणसाने तर गुन्हाही केलेला नव्हता. ११२ ला फोन करून, त्याला बसवून, पाणी देऊन वाट पाहिली असती तरी राखण झालीच असती.

आणि त्या माणसाकडे जा. दोघांनी जा, पण तुम्ही पुढे व्हा, मुलाला ढाल करू नका. रोजंदारीवरच्या माणसाचा हात मोडला म्हणजे हाड जुळून पुन्हा जड उचलता येईपर्यंत त्याचा रोज बुडाला. तो किती होतो ते ठेकेदाराला विचारा आणि औषधपाण्यासकट भरून द्या. वाड्यावर वर्गणी निघाली तर उत्तम, नाहीतर तुम्ही द्या. पैसे दिले म्हणून तक्रार मागे घे, असं चुकूनही म्हणू नका. कन्नड येणारं कोणीतरी बरोबर न्या, म्हणजे तो काय म्हणतो ते ह्या वेळी तरी कळेल. तो भेटायला नाही म्हणाला तर परत या. तो त्याचा हक्क आहे.

देवस्थानच्या समितीत तुमचा शब्द चालत असेल तर देवळाचा नळ साइटवरच्या कामगारांना मोकळा करून द्या, दिवसा आणि रात्री.

आणि तो कॅन शोधा. पोलिसांनी नेला नसेल तर अजून माडाच्या बुंध्याशी नाहीतर देवळामागच्या गवतात पडलेला असेल. धुऊन बरोबर न्या. त्याचा आहे.